दगडी कोठडीचा घुमट : प्रकल्प नोंदी

8 फेब्रुवारी 2025, शनिवार

आज सकाळी ट्रोब्रिजहून स्टीपल ॲश्टनला गेले. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातलं हे छोटं गाव माझ्या घरापासून बसने जवळ आहे. चार वर्षांत तिथून कितीदा तरी गेले असेन, पण गवतावरच्या त्या दगडी खोलीसमोर कधी थांबले नव्हते. आज दीड तास थांबले.

आपल्याकडे लॉकअप म्हटलं की पोलीस ठाण्यातली गजांची कोठडी डोळ्यांसमोर येते. इथलं जुनं गावचं लॉकअप म्हणजे स्वतंत्र उभी असलेली एकच खोली. दारू पिऊन दंगा करणारा, किरकोळ चोर किंवा रात्री भटकताना सापडलेला माणूस पकडला की त्याला सकाळपर्यंत इथे डांबायचं आणि मग मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. शिक्षा भोगायला इथे कोणी राहत नसे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला गावोगावी अशा खोल्या बांधल्या गेल्या. कुठे त्यांना राउंडहाउस म्हणत, कुठे केज. विल्टशायर आणि सॉमरसेटमध्ये नाव आहे ब्लाइंड हाउस, म्हणजे आंधळं घर. खिडक्या नाहीत म्हणून आंधळं.

स्टीपल ॲश्टनचं हे घर 1773 चं. अष्टकोनी भिंती, त्यावर दगडाचा घुमट, घुमटावर दगडी गोळा. खिडकी एकही नाही. शेजारीच बाजाराचा जुना उंच दगडी खांब आहे. म्हणजे जागा गावाच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत.

येणारा माणूस आधी दार बघतो, मग कडी-कोयंडा, खिळे. मीही तेच केलं. पण परत निघताना मान वर करून पाहिलं आणि पाय अडले. एवढ्याशा खोलीवर दगडी घुमट कशाला? गावातल्या बाकीच्या घरांवर लाकडी वासे आणि वर कौलं. लॉकअपमध्ये वासा नाही, कौल नाही, काहीच नाही. विचार केल्यावर कारण उमगलं. कौल सरकवून माणूस बाहेर पडतो, वासा जाळता येतो, आणि बाहेरचे मित्र रात्री छप्पर उचकटू शकतात. दगडी घुमटाला उचकटायला धरण्यासारखी कडच नसते. या इमारतीत दार सोडलं तर जळण्यासारखं काही नाही. तिचं खरं कुलूप डोक्यावर आहे.

म्हणून ठरवलं, 1:10 च्या मापात एक दगडी नमुना करायचा आणि घुमट कसा मिटतो ते स्वतःच्या हाताने बघायचं. दिवसभर ऑफिसात नकाशे काढते, पण दगड शेवटचा हातात घेतला त्याला कित्येक वर्षं झाली.

9 फेब्रुवारी, रविवार

नमुना कुठल्याही एका लॉकअपची हुबेहूब प्रतिकृती नसेल. विल्टशायरच्या अष्टकोनी, घुमटाच्या जातीचं एक घर, मापं माझी. समोरासमोरच्या भिंतींमधलं बाहेरचं अंतर 24 सेंटिमीटर, भिंतीची जाडी 4. आतली जागा 16 सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या मापात 1.6 मीटर. माणूस आडवा झाला तर पाय दुमडावे लागतील.

22 फेब्रुवारी, शनिवार

ब्रॅडफर्ड ऑन एव्हन. इथलं लॉकअप चक्क पुलावर आहे. मूळ पूल तेराव्या शतकातला, त्यातल्या दोन टोकदार कमानी अजून शाबूत आहेत. सतराव्या शतकात पूल रुंद केला. एका खांबावर नदीच्या बाजूला पुढे काढलेली ही खोली. आधी इथे छोटं चॅपेल होतं असं मानतात. छतावर माशाच्या आकाराचा वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्रा आहे, मासा गजन नावाचा. कोणी आत गेला की गावकरी म्हणत, ‘माशाखाली आणि पाण्यावर गेलाय.’ किती नेमकं बोललेत. आत गेलेल्या माणसाला मासाही दिसत नसणार आणि पाणीही. कानांवर मात्र रात्रभर नदी.

पुलाच्या बाजूने तासभर छताचे उतार रेखाटले. इथे घुमट गोल नाही, टोकाकडे निमुळता होत जातो. छतांचे किती प्रकार झाले बघा. ऑक्सफर्डशायरमधल्या व्हीटलीचं 1834 चं लॉकअप म्हणजे सरळ सहा बाजूंचा दगडी पिरॅमिड, भिंत कुठे संपली आणि छत कुठे सुरू झालं हा प्रश्नच उरत नाही. लिव्हरपूलमधल्या एव्हर्टनचं 1787 चं लॉकअप गोल बुरुजासारखं, वर शंकू. तिथल्या फुटबॉल क्लबच्या बिल्ल्यावर तेच आहे. दर शनिवारी हजारो लोक छातीवर एक जुनी कोठडी मिरवतात! आकार वेगळे, अट एकच: छप्पर दगडाचं हवं.

1 मार्च, शनिवार

दगड आला. जवळच्या एका दगडाच्या वखारीतून बाथ स्टोनचे उरलेले तुकडे मिळाले, सगळे मिळून साधारण वीस किलो. मधासारखा पिवळट रंग. भिंगाखाली धरला तर माशाच्या अंड्यांसारखे बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. हा ज्युरासिक काळातला चुनखडक. समुद्राच्या उथळ तळाशी कणाभोवती चुन्याची पुटं चढत गेली आणि त्याचे दाणे झाले.

या दगडाचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे खाणीतून ओला निघतो तेव्हा हातकरवतीने कापता येतो. कॉर्शम आणि बॉक्स या गावांजवळच्या खाणींत कामगार जमिनीखाली लांब करवतींनी ठोकळे कापत. त्या करवतीला फ्रिग बॉब म्हणत. माझे तुकडे वाळलेले आहेत तरीही जुन्या करवतीने तासाभरात सहा ठोकळे निघाले. आमच्या वाईकडच्या काळ्या बसाल्टवर ही करवत पाच मिनिटांत बोथट झाली असती. वाईचा पाथरवट छिन्नी-हातोडीने घाव घालून दगड घडवतो, इथला कापून घडवतो. त्यामुळे इथे नितळ, धारदार कडेचा घडीव चिरा गावच्या साध्या बांधकामालाही परवडत असणार.

वखारीतल्या म्हाताऱ्या कारागिराने एक गोष्ट बजावली. दगडाचा नैसर्गिक थर ओळखायचा आणि खाणीत जसा आडवा होता तसाच भिंतीत बसवायचा. उभा बसवला तर पाणी थरांत शिरतं आणि थंडीत गोठून पापुद्रे सुटतात. घुमटात काय करायचं, विचारलं. तिथे दगड तिरका बसतो, मग थरही दाबाच्या दिशेला काटकोनात तिरका. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने थराची दिशा काढून ठेवली.

9 मार्च, रविवार

अष्टकोन आखला. पुस्तकी पद्धत बाजूला ठेवून गवंड्याची पद्धत वापरली. 24 चा चौकोन काढायचा, त्याचे कर्ण काढायचे. अर्ध्या कर्णाएवढं अंतर, म्हणजे 17 ला किंचित कमी, सुताने घ्यायचं. प्रत्येक कोपऱ्यावर सूत धरून दोन्ही बाजूंवर खूण करायची. आठ खुणा झाल्या की त्या जोडल्या, अष्टकोन तयार. प्रत्येक बाजू जवळपास 9.9 सेंटिमीटर. ना कोनमापक, ना आकडेमोड. खुंटी, दोरी आणि मोकळी जमीन असली की हे कुठेही काढता येतं, आणि ज्यांनी ही घरं बांधली त्यांच्याकडे एवढं नक्कीच होतं.

हे करताना अष्टकोनच का, याचंही उत्तर मिळालं. गोल खोलीवर घुमट सरळ बसतो, पण गोल भिंतीच्या प्रत्येक दगडाचा दर्शनी भाग वळणदार घडवावा लागतो. चौकोनी खोलीत दगड सपाट चालतात, पण चौकोनावर गोल घुमट ठेवायचा तर चारही कोपरे रिकामे राहतात आणि तिथे कमानी टाकून जागा भरावी लागते. विजापूरच्या गोलघुमटात हाच प्रश्न एकमेकांत गुंतलेल्या कमानींनी सोडवला आहे, पण ते बादशाहाचं काम. अष्टकोनात भिंतीचे दगड सपाट राहतात, फक्त आठ कोपऱ्यांचे दगड 135 अंशांत घडवायचे. शिवाय वरचा गोल अष्टकोनाच्या इतका जवळ असतो की कोपऱ्यात दगड जरासा पुढे काढला की भागतं. गावच्या खर्चात बसणारी ही हुशारी आहे, आणि मला ती फार आवडली.

भिंतीचे चार थर झाले. ओळंबा, पाणसळ, परत ओळंबा. एक कोपरा दोन मिलिमीटर बाहेर गेला होता, काढून परत बसवला.

16 मार्च, रविवार

सॉमरसेटमधल्या कॅसल केरीला जाऊन आले. तिथलं राउंड हाउस 1779 चं, खर्च 23 पौंड. व्यास 7 फूट, उंची 10 फूट, हवेला लोखंडी जाळीचे दोन झरोके. लाल-तपकिरी दगड, पूर्ण गोल. परवाचा माझा हिशोब आठवला. इथल्या गवंड्याने प्रत्येक दगडाला वळण दिलंय आणि त्या वळणावर हात फिरवला की कुठेही कोपरा लागत नाही. माझ्या अष्टकोनाच्या युक्तिवादाला हा तोडीस तोड जबाब आहे.

23 मार्च, रविवार

भिंती पूर्ण. दारावरचा आडवा दगड बसला. वर कंगोऱ्याचा एक थर जरा बाहेर काढून घेतला. तो शोभेसाठी असेल असं वाटलं होतं, पण पावसाचं पाणी भिंतीपासून लांब टाकणं आणि घुमटाच्या पायथ्याशी वजन देणं ही दोन्ही कामं तो करतो.

30 मार्च, रविवार

गुढीपाडवा. योगायोगाने आज इथली घड्याळंही एक तास पुढे गेली. सकाळी खिडकीत छोटी गुढी उभारली, कडुनिंब इथे मिळत नाही म्हणून नुसता गूळ खाल्ला आणि घुमट सुरू केला.

एकूण 81 दगड कापून ठेवले आहेत. खालचे तीन थर सोळा-सोळांचे, मग बारांचे दोन, मग आठांचा एक आणि शेवटी मधला एकच. प्रत्येक दगड आतल्या तोंडाला अरुंद, बाहेर रुंद. तीन थर सुरेख बसले. चौथा थर जास्त कलता आहे. अकरा दगड लागले, दोन काड्यांचा टेकू दिला होता. बारावा दगड किंचित मोठा निघाला म्हणून कानशीने घासायला उठले. काडी सरकली. एक दगड घसरला, त्याच्या मागे शेजारचा, आणि दोन सेकंदांत थरातले नऊ दगड आत पडले.

पंधरा मिनिटं नुसती बघत बसले. खालच्या तिन्ही थरांतला एकही दगड हलला नव्हता. तिथेच सगळं उमगलं. घुमटाचा थर अपुरा असेल तर त्यातला प्रत्येक दगड पडायला टपलेला असतो. वर्तुळ पुरं झालं की सगळे आत पडू बघतात आणि त्यामुळेच एकमेकांना अडवून धरतात. मग टेकूची गरज उरत नाही. म्हणजे पुरा घुमट होईपर्यंत वाट बघायला नको, एकेक थर मिटला की तेवढा घुमट स्वतःच्या पायावर उभा. पण एकदा थर सुरू केला की तो मिटेपर्यंत गवंड्याने हात काढायचा नाही.

संध्याकाळी बाबांना पाडव्याचा फोन. ते वाईला, आयुष्यभर बांधकामाच्या ठेक्यांवर. घुमट पडल्याचं सांगितलं.

“चुना किती पातळ केला होतास?”

“लोण्यासारखा, बाबा.”

“लोण्यासारखा गिलाव्याला. दगडाला कणकेसारखा हवा. आमच्या लहानपणी चुन्याच्या घाण्यात बैल फिरवून मळायचे, बोटाला चिकटला तर गवंडी परत पाठवायचा.”

मग लॉकअप म्हणजे नेमकं काय ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं की ते चालवणारा पॅरिश कॉन्स्टेबल, म्हणजे गावचा शिपाई, गावातलाच माणूस असे, वर्षभरासाठी नेमलेला, बिनपगारी. पुष्कळजण ते काम टाळायला बघत, कोणी पैसे देऊन बदली माणूस उभा करत. बाबा म्हणाले, “आपल्याकडं पाटीलकी मिळवायला भांडणं व्हायची आणि तिथं टाळायला!” खरंच आहे. आपला पोलीस पाटील पूर्वी वंशपरंपरेने वतनदार, मानाचा धनी, 1867 च्या ग्रामपोलीस कायद्याने त्याचं काम कागदावर आणलं. इथला कॉन्स्टेबल वर्षभराची बला. मला वाटतं म्हणून त्याच्यासाठी भक्कम खोली बांधून देणं गावाला गरजेचं झालं. रात्रभर कैद्यावर पहारा देत कोण बसणार? सकाळी त्यालाही स्वतःच्या शेतावर जायचं असायचं.

आणखी एक. पुष्कळ गावांत लॉकअप कोंडवाड्याला लागून बांधलंय. भरकटलेली गुरं आणि भरकटलेली माणसं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

5 एप्रिल, शनिवार

चुना घट्ट केला. टेकूऐवजी जुनी युक्ती: प्रत्येक दगडावरून दोरा टाकून बाहेरच्या बाजूला छोटं वजन लोंबकळत सोडायचं. मी मोठे नट वापरले. थर मिटला की दोरे काढून पुढच्या थराला लावायचे. चौथा थर सव्वा तासात मिटला. बारावा दगड हलक्या ठोक्याने बसला तेव्हा आवाज बदलला, टकटक करणारा थर एकदम ठाम वाजला. पाचवाही आजच केला.

12 एप्रिल, शनिवार

आज काम नाही, नुसता राग. जवळच्या एका गावातलं आंधळं घर बघून आले. मागच्या शतकात कधीतरी कोणीतरी त्याच्या घुमटाच्या दरजा सिमेंटने भरल्या आहेत. दिसायला घट्ट, करडी, सरळ रेघ. पण बाथ स्टोन पाणी पितो आणि परत सोडतो. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ असते, ओल तिच्यातून बाहेर पडते आणि झिजायचं झालं तर आधी दरज झिजते. ती दर पिढीत परत भरता येते. सिमेंटची दरज ओल अडवते, मग ओल दगडातून वाट काढते आणि तिथे क्षार साचून दगडाचा पापुद्रा सुटतो. त्या घुमटावर आता सिमेंटच्या रेघा उंच राहिल्या आहेत आणि मधले दगड वाटीसारखे खोल गेले आहेत. बोट ठेवलं तर पिवळी पूड हाताला लागली. अडीचशे वर्षं पावसाला पुरून उरलेला दगड भरवशाच्या वाटणाऱ्या एका दुरुस्तीने खाल्ला. वेळीच ते सिमेंट हाताने, छिन्नीने, कड न मोडता काढलं पाहिजे. मी तसं सविस्तर लिहून, फोटो जोडून दिलं आहे, आणि परत परत विचारत राहणार आहे.

18 एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडेची सुट्टी. दुसऱ्या एका गावच्या लॉकअपची किल्ली ज्या आजींकडे असते त्यांनी आत जाऊ दिलं. मी विनंती केली म्हणून त्यांनी पाच मिनिटं दार बाहेरून लावून घेतलं.

ओकच्या जाड फळ्या, त्यावर ओळीने लोखंडी डोक्यांचे खिळे, दोन लांब बिजागऱ्या. दार मिटलं तसा काळोख आधी पूर्ण वाटला. मिनिटभराने दाराच्या वरच्या झरोक्यातून आलेला एक फिकट पट्टा समोरच्या भिंतीवर दिसू लागला, तळहाताएवढा. बसायला दगडी कट्टा, थंडगार. चूल नाही, मोरी नाही. घुमटामुळे स्वतःचा श्वास कानाशी परत येतो. खाकरले तर कोणी शेजारी खाकरल्यासारखं वाटलं. बाहेर आजी कोणाशी तरी बोलत होत्या, त्यांचे शब्द स्पष्ट कळत नव्हते, पण हसणं कळत होतं. गावाच्या मधोमध असणं म्हणजे काय ते तेव्हा लक्षात आलं. माणूस एकटा, आणि पाच पावलांवर सगळं गाव.

काही ठिकाणी सांगतात की मित्र रात्री येऊन मातीच्या लांब चिलमीची नळी झरोक्यातून आत सरकवत आणि तिच्यातून बियर पाजत. त्या अंधारात बसल्यावर मला ते सहज पटलं.

दोन लॉकअपांवरचे कोरीव लेख आठवले. डॉर्सेटमधल्या स्वॉनेजच्या 1803 च्या खोलीवर कोरलंय की दुष्टपणा आणि व्यसनाला आळा घालण्यासाठी धर्माच्या आणि सुव्यवस्थेच्या मित्रांनी ही उभारली. हर्टफर्डशायरमधल्या शेनलीला तळ्याकाठच्या गोल खोलीवर ‘शुद्धीवर राहा, सावध राहा’ आणि ‘नीट वागा, भिऊ नका’ असं आहे. ही अक्षरं बाहेरच्या अंगाला आहेत. आतल्यासाठी काहीच लिहिलेलं नाही. वाचणारे ते रस्त्यावरचे, अजून बाहेर असलेले.

26 एप्रिल, शनिवार

सहावा थर आणि मधला दगड. हा मधला दगड कमानीच्या कळीच्या दगडासारखा सगळं पेलून धरतो असा माझा समज होता. पण सहावा थर मिटल्यावर वर रिकामं भोक ठेवून मी घुमटावर दोन किलोचा तांदूळ ठेवला, काही हललं नाही. वरचा दगड झाकण आहे, पाऊस आत येऊ नये म्हणून. दगडी गोळ्याचं वजन मात्र उपयोगी पडतं, वरचे थर दाबून धरतं.

घुमटाला भीती वरून नसते, खालून असते. वरचे थर आक्रसू बघतात, खालचे पसरू बघतात. अर्धगोल घुमटात शिखरापासून साधारण 52 अंशांखाली ताण सुरू होतो आणि चिरा पडायच्या तर तिथे उभ्या पडतात. म्हणून खालच्या भिंती एवढ्या जाड आणि कंगोऱ्याचा थर एवढा जड. कैदी भिंत फोडेल या भीतीने भिंत जाड केली असं पाट्यांवर लिहिलेलं असतं. तेही असेल. पण घुमटाच्या पसरण्याचाही तिच्यावर हक्क आहे.

5 मे, सोमवार

बँक हॉलिडे. दार बसवलं, ओकच्या पातळ पट्ट्या, बिजागरीला पितळी पत्रा. ही घरं ओस कशी पडली? 1839 मध्ये परगण्यांना पगारी पोलीस नेमू देणारा कायदा आला आणि विल्टशायरने त्याच वर्षी देशात सगळ्यात आधी परगण्याचं पगारी पोलीस दल उभं केलं. 1856 पासून ते सगळ्या परगण्यांना सक्तीचं झालं, ठाणी आली, ठाण्यात कोठड्या आल्या. सरे परगण्यातल्या लिंगफील्डचं केज मात्र 1882 पर्यंत वापरात होतं, शेवटचा कैदी चोरून शिकार करणारा. बाकी खोल्यांत कुदळी, फावडी, कोळसा. या वापरानेच त्या वाचल्या, आणि दगडी छतामुळे. पडीक घराचे आधी वासे कुजतात, इथे कुजायला वासेच नव्हते.

रात्री खोलीतला दिवा मालवून नमुन्याच्या आत मोबाइलचा टॉर्च ठेवला. झरोक्यांतून दोन बारीक पट्टे भिंतीवर आले. तिसरी एक रेघ अनपेक्षित दिसली, मागच्या बाजूला तिसऱ्या आणि चौथ्या थरांमध्ये, केसाएवढी. तिथे चुना कमी पडलाय. पेन्सिलने खूण करून ठेवली. उद्या सकाळी ओलं करून भरायचं.